न गळणारं देवभात

भागिरथीला वर्षातून एकच दिवस मान होता. बाकीचे दिवस ती खडकवाडीतली एक विधवा, पोटी लेकरू नसलेली, दुसऱ्यांच्या खाचरांत आवणीला आणि कापणीला जाणारी म्हातारी. पण भाद्रपदात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीच्या सकाळी, वाडीतल्या बेचाळीस घरच्या बाया न्हाऊनधुऊन हातात वाटी घेऊन तिच्या ओटीवर येऊन बसायच्या. ज्यांच्या बांधावर ती वर्षभर वाकलेली असायची, त्यासुद्धा. एरवी 'ए भागिरथे' म्हणून हाक मारणाऱ्या त्या दिवशी तिला आक्का म्हणत आणि तिच्या हातून ओंजळभर देवभात मिळेपर्यंत गुमान बसून राहत.

ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य त्या दिवशी बाईच्या तोंडात जायचं नाही. रानातले कंद खायचे, आपोआप उगवलेल्या भाज्या खायच्या आणि देवभात शिजवायचं. वाडीच्या वर, जिथून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं त्या पठारावर, एक तळं आहे. त्याच्या काठच्या चिखलात हे भात येतं. तूस काळं, दाणा तांबडा, कुसळ बोटभर. कुणी पेरत नाही, कुणी लावत नाही, म्हणून ते देवाचं. खोड त्याची एकच, दाणा पिकला की देठावर थांबत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी पाण्यात पडतो. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात उतरून, लोंब्या कच्च्या असतानाच चार-चार एकत्र बांधून ठेवायच्या आणि मग टोपलीत झटकायच्या. हे काम आधी भागिरथीची सासू करायची. सासूमागं ते भागिरथीकडं आलं, कारण जळवांनी पाय धरून घ्यायची हौस दुसऱ्या कुणालाच नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं, भुई तडकली, आणि त्याच साली सासू गेली. पुढं पाऊस झाला, तळं भरलं, पण देवभाताची चार ताटं इथं नि चार तिथं, एवढंच उगवलं. भागिरथी तेव्हा जेमतेम अठराची. भाद्रपदात बायांना काय द्यायचं या धास्तीनं तिनं सासूच्या मडक्यातलं उरलेलं मूठभर भात ज्येष्ठात नेऊन काठच्या चिखलात टाकलं. नांगर नाही, बैल नाही, रोपांसाठी राब भाजला नाही. तळ्याचं होतं ते तळ्याला दिलं, एवढंच तिच्या मनात होतं. मग तो तिचा नेमच झाला. दर ज्येष्ठात एक मूठ. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटत नव्हतं, आणि खरं बोलायचं तर सांगू नये असंही कुठंतरी वाटत होतं.

नवरा लवकर गेला आणि पोट मजुरीवर आलं. या भागात सगळ्यांचं भात एकदमच कापणीला येतं. लोकांचा काळभात, लोकांचं जिरवेल कापून हातावेगळं होईपर्यंत तिला तळ्याकडं फिरकायला सवड मिळत नसे. लोंब्या बांधायचं तर केव्हाच सुटलं. ती जाई तोवर निम्म्याच्या वर दाणा पाण्यात गेलेला असे. लोंबीला जे धरून राहिलं असेल ते ती इळ्यानं कापून आणायची, आणि त्यातलंच मूठभर पुढच्या ज्येष्ठात तळ्याला. अशी पन्नास वर्षं गेली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की देवभात पहिल्यासारखं गळत नाही. उशिरा गेलं तरी टोपली भरते. कुसळंही आखूड झाल्यासारखी वाटत होती. आपली धावपळ बघून तळ्यालाच आपली दया आली असावी, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. तेवढी दया दुसरीकडून कुठून आली नव्हती, त्यामुळे तिला ते पटलंही.

दोन वर्षांमागं वृषाली आली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत ही मुलगी भाताची कुळी शोधत होती. आज आपण खातो ते भात कुठल्या रानटी भातापासून आलं, कुठं आणि कसं माणसाळलं, हा तिचा अभ्यास. त्यासाठी तिला माणसाचा हात न लागलेलं देवभात हवं होतं, आणि असं तळं आमच्या वाडीवर आहे असं तिला गोरक्षनाथनं सांगितलं. गोरक्षनाथ हा भागिरथीचा पुतण्या. काजव्यांच्या दिवसांत पर्यटकांना तंबू भाड्यानं देतो आणि उरलेलं वर्ष जीप चालवतो. तो वृषालीला वर घेऊन आला. भागिरथीनं तिला पाण्यात हात धरून फिरवलं, कुठं पाय टाकायचा आणि कुठं नाही ते दाखवलं. पोरगी एकेका ताटाचं पान तोडून कागदी पाकिटात घालत होती, वर नंबर टाकत होती.

शेवटी तिनं वही काढली आणि विचारलं की इथं कुणी कधी भात पेरतं का. भागिरथी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं प्रश्न ऐकला. पण तिच्या आधी गोरक्षनाथच हसला आणि म्हणाला, देवभात कोण कशाला पेरील. वृषालीनं 'नाही' असं लिहून घेतलं. भागिरथीला बोलता आलं असतं. पण बोलली तर भाद्रपद हातचा जात होता. ती वाकून पायाची जळू काढत राहिली, आणि इथंच ती चुकली, हे मी लपवणार नाही.

पुढच्या साली ऋषिपंचमीच्या सकाळी बाया ओटीवर बसल्या होत्या. भागिरथीनं पहाटेपासून उखळात कांडून देवभात पाखडून ठेवलं होतं. ओंजळ-ओंजळ वाटून झालं होतं आणि तेवढ्यात वृषाली आली. सण बघायचा म्हणून मुद्दाम साडी नेसून आली होती. बायांनी सरकून तिला जागा केली. तिला काहीतरी सांगायचं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट उलगडली की त्याला दम निघत नाही, आणि ती कुणाच्या ओटीवर, कुणाच्या देखत बोलायची याचं भान राहत नाही. पोरगी मनानं वाईट नव्हती. पण वाईट माणसानं केलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

तिनं सांगितलं की तुमच्या तळ्यातलं बरंचसं भात गळत नाही. रानटी भाताचा दाणा जिथं देठाला लागलेला असतो तिथं एक सांधा असतो, पिकला की तो सुटतो आणि दाणा पडतो. पडला नाही तर त्याचं त्याला उगवता येणार नाही. खालच्या खाचरांतल्या भाताचा पराग वाऱ्यानं वर गेला, म्हणून काही ताटांचा सांधा घट्ट झाला, हे समजण्यासारखं आहे. पण नुसत्या वाऱ्यानं तळं भरत नाही. न गळणारा दाणा कुणीतरी घरी नेला पाहिजे आणि परत आणून टाकला पाहिजे, तोही वर्षानुवर्षं. मग ती भागिरथीकडं वळली.

"आजी, आठ-दहा हजार वर्षांपूर्वी भात माणसाळलं ते असंच. कुणी म्हणतात चीनमध्ये, नदीकाठी. कुणी म्हणतात आपल्याकडं गंगेच्या खोऱ्यातही. पण ते पहिल्यांदा ज्यांनी केलं, त्यांत बाया असणारच. एकीचंही नाव आज कुणाला माहीत नाही. इथं हे कुणी केलंय?"

सत्तर वर्षांत भागिरथीला कुणी असं विचारलं नव्हतं. तिनं केलेलं जे काही होतं ते सगळं दुसऱ्याच्या बांधावर होतं, आणि त्याला मजुरी म्हणतात. बायांच्या देखत, मानाच्या दिवशी, एक शिकलेली पोरगी तिच्या पायाशी बसून विचारत होती की हे एवढं मोठं काम कुणी केलं. तिचं भान सुटलं. पन्नास वर्षं जे ओठावर आलं नव्हतं ते आलं.

"म्या," ती म्हणाली. "म्या टाकते. दरसाल ज्येष्ठात मूठभर. माझ्या हातचं हाय ते."

वृषालीच्या तोंडावरचं हसू आधी फुललं, मग तिला वहीतलं 'नाही' आठवलं आणि ते गेलं. पण तिच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांत पुढं झुंबरबाई बसली होती. ती भागिरथीची चुलत जाऊ, वयानं बारा-पंधरा वर्षांनी धाकटी. उपासतापासात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. तिनं आपल्या वाटीकडं पाहिलं आणि वाटी सुपात उपडी केली. मग तिच्या सुनेनं, निकितानं, केली. मग एकेकीनं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. बेचाळीस वाट्या रिकाम्या व्हायला तसा वेळ लागतो, आणि भागिरथी तो सगळा वेळ सुपासमोर बसून होती.

बैल कुठं लावला, असं तिनं विचारून पाहिलं. नांगर कुठं लावला, शेत कुठं केलं, नेम तर बैलाच्या कष्टाचा हाय. तिचं म्हणणं चूक नव्हतं. एखाद्या भटजीपुढं ते टिकलंही असतं. पण त्या ओटीवर भटजी नव्हता, बाया होत्या, आणि त्या पन्नास वर्षं देवानं पेरलेलं म्हणून खात आल्या होत्या.

झुंबरबाई उठून उभी राहिली. अठरा वर्षांपूर्वी तिची लेक ज्योती बाळंतपणाला माहेरी आली होती. भर पावसात राजूरच्या दवाखान्यात न्यायला काढली आणि वाटेत जीपमध्येच गेली. पोर पोटातच राहिलं. तेव्हापासून झुंबरबाईनं एक पंचमी चुकवली नव्हती, त्याआधीही चुकवली नव्हती, आणि आपल्याकडून कुठं काय राहिलं हे ती येईल त्या-जाईल त्या बाईला विचारत आली होती. बाजूला बसायचे चार दिवस कधी पाळायचे राहिले का, भांड्याला कधी हात लागला का. ते ऐकून ऐकून बाया कंटाळून उठून जात. एकटी भागिरथी ऐकून घ्यायची.

"मला वाटायचं, माझं काय चुकलं," झुंबरबाई म्हणाली. "आन तू दरसाल माझ्या वाटीत हे घालत हुतीस, भागिरथे."

आक्का म्हणाली नाही. बाया तिच्यामागून निघून गेल्या. त्या साली वाडीत देवभात शिजलं नाही.

वृषाली ओटीच्या कडेला बसून राहिली. आजी, मग मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत, असं तिनं शेवटी विचारलं. रडवेली झाली होती. रानटी म्हणून तिनं तळ्यातली साठ ताटं मोजणीत धरली होती आणि तिचं दोन वर्षांचं काम आता त्यांच्यासकट उलटंपालटं करावं लागणार होतं. भागिरथीनं विचारलं की माझं नाव लिहिशील का मग कुठं. वृषालीनं खरं ते सांगितलं. रानटी भाताच्या अभ्यासात हे तळं बसणार नव्हतं. 'मानवी हस्तक्षेपामुळे वगळले' एवढी एक ओळ जाणार होती. भागिरथीला 'हस्तक्षेप' शब्दाचा अर्थ विचारावा लागला. वृषालीनं सांगितला, आणि सांगताना तिलाच लाज वाटली.

पुढं पंधरा-वीस दिवसांत तिनं खटपट केली, नाही असं नाही. गावठी वाण म्हणून तरी याची नोंद करता येते का, ते तिनं पाहिलं. पण नोंदीच्या फॉर्मवर वाणाचं नाव लागतं, शेतकऱ्याचं नाव लागतं आणि जमिनीचा गट नंबर लागतो. तळं भागिरथीचं नव्हतं आणि तिच्या नावावर दुसरी जमीनही नव्हती. रानटीत बसत नाही आणि वाणातही बसत नाही, असं भात ठेवायला कुणाकडं कप्पा नव्हता. हे तिनं गोरक्षनाथला फोनवर सांगितलं आणि त्यानं येऊन काकूला सांगितलं. वर असंही सांगितलं की ते न गळणारं भात आपलं आपण टिकत नाही. टाकणारा हात थांबला की पाच-दहा वर्षांत उतरत जाईल आणि खरं रानटी असेल तेवढंच उरेल.

पाच-दहा वर्षं थांबायला बाया तयार नव्हत्या. पितरांच्या पंधरवड्यात त्या देवळात बसल्या आणि त्यांचं ठरलं. देवाचं आणि भागिरथीचं, दोन्ही एका चिखलात नको. भागिरथीचं तेवढं मुळासकट उपटून टाकायचं आणि जाळायचं. गुरांनाही घालायचं नाही. पण तळ्यात उभं राहून कुठलं ताट देवाचं आणि कुठलं भागिरथीचं हे ओळखणार कोण? ते एकाच बाईला कळत होतं. म्हणून तिनंच उपटायचं, आणि लबाडी होऊ नये म्हणून झुंबरबाईनं काठावर बसायचं. हे केलंस तर पुढच्या पंचमीला आम्ही वाट्या घेऊन येतो, असा निरोप निकिता घेऊन आली. निरोप सांगताना ती दाराबाहेरच उभी राहिली.

भागिरथीनं गोरक्षनाथला विचारलं की तू असतास तर काय केलं असतंस. तो म्हणाला, मी असतो तर त्या दिवशी तोंडच उघडलं नसतं. त्याचं खरंच होतं. त्यानं आयुष्यात कधीच तोंड उघडून काही गमावलं नव्हतं, कारण कुणी कधी त्याचं कौतुक करायला त्याच्या पायाशी बसलं नव्हतं.

कार्तिकात लोकांची कापणी चालू असतानाच ती तळ्यावर गेली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वेळेवर गेली, कारण यंदा तिला कुणी कापणीला बोलावलं नव्हतं. झुंबरबाई काठावरच्या दगडावर डोक्यावरून पदर घेऊन येऊन बसली होती. ऊन चांगलं होतं. भागिरथीनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. तिची पारख साधी होती. लोंबी तळहातावर घ्यायची आणि बोटं खालून वर फिरवायची. दाणे सुटून हातात आले तर ताट सोडून द्यायचं. धरून राहिले तर ताट बुडाशी धरून उपटायचं.

सोडायची ताटं थोडी होती. दहात दोन, फार तर तीन. बाकी सगळी धरून होती. लोंब्या कशा भरल्या होत्या ते तिला आताच नीट बघायला मिळत होतं. एवढ्या वर्षांत ती नेहमी संध्याकाळी, थकून, घाईघाईनं यायची. मुळं चिखलातून सुटताना आवाज करत होती. उपटलेलं ताट ती काठावर फेकायची आणि झुंबरबाई उठून त्याची लोंबी स्वतः एकदा चोळून बघायची, मग ढिगावर टाकायची. एकदाही भागिरथीचा अंदाज चुकला नाही. दुपारपर्यंत ढीग झुंबरबाईच्या छातीएवढा झाला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा भागिरथीला उभं राहवेना. ती पाण्यातच गुडघ्यांवर हात टेकून थांबली. झुंबरबाईनं तिला काठावर ये म्हटलं नाही, पण आपल्याजवळचा पाण्याचा तांब्या पुढं केला. ती प्याली. तांब्या परत देताना तिनं विचारलं. हे विचारायचं तिनं भाद्रपदापासून मनात ठेवलं होतं.

"झुंबर, खरं सांग. ज्योती याच्यानं गेली, असं वाटतं का तुला?"

झुंबरबाईनं ढिगावरून घसरलेलं एक ताट उचलून परत वर ठेवलं. खाली खाचरांत कापणीवाल्या बायांचे आवाज येत होते. 

"न्हाई वाटत. वाट बंद हुती, जीप अडाकली, म्हनून गेली. समद्यांना ठावं हाय, मलाबी हाय." तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी मातीवर ओतलं. "पन म्या अठरा वर्सं माझ्यातच खोट धुंडली, आक्का. रोज धुंडली. आता ती तुझ्यात घावलीया. तिथंच ऱ्हाऊ दे."

भागिरथी वळली आणि पुन्हा आतल्या पाण्यात शिरली. पुढची लोंबी तिनं तळहातावर घेऊन बोटं फिरवली. एकही दाणा सुटला नाही. तिनं ताट बुडाशी धरलं आणि उपटलं.